सिरॅमिक फिल्टरचा पंप जड झाला म्हणजे कॅन्डल संपली असं नाही

आधी प्रश्न परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका भाऊंकडे ट्रेकला न्यायचा हातपंपवाला सिरॅमिक फिल्टर आहे, तीन वर्षं जुना. यंदा पावसाळ्यात पारशिवनीकडे गेले, तिथे नाल्याचं गढूळ पाणी ओढलं आणि तेव्हापासून पंप इतका जड झालाय की एक बाटली भरेपर्यंत हात भरून येतो. घासला की थोडा वेळ बरा चालतो, तीन-चार लिटरनंतर परत जाम. कंपनीची नवी कॅन्डल (पंपातली पाणी गाळणारी सिरॅमिकची नळी) महाग पडते म्हणून ते विचारून राहिले की साबणाने धुतली तर मोकळी होईल का, नाहीतर इतवारीच्या बाजारात स्टीलच्या फिल्टरची पांढरी कॅन्डल मिळते तीच बसवली तर चालेल का, आणि डिसेंबरात उत्तराखंडात केदारकांठ्याच्या ट्रेकला जायचंय तर त्याच्या आधी बदलूनच टाकावी का.

भाऊ, साबण नको, इतवारीची कॅन्डल या पंपाला नको, आणि बदलायची की नाही हे पंप जड चालतो की हलका यावरून ठरवूच नका. आमच्या ग्रुपचे सगळे फिल्टर माझ्या घरी असतात, सातपुड्यातून आलो की घासणं, सुकवणं, वायसर बदलणं हे माझ्याकडेच असतं, आणि हा एक गैरसमज मला जवळपास प्रत्येक नव्या पोरात दिसतो. जाम होणं वेगळं आणि संपणं वेगळं. जाम झालेली कॅन्डल बहुतेक वेळा एकदम ठणठणीत असते. उलट जी कॅन्डल काल जड होती आणि आज न घासता अचानक मोकळी झाली, तिची काळजी करायची, कारण पाणी कुठूनतरी चोरवाट काढून जातंय, तड्यातून नाहीतर रबरी रिंगच्या बाजूने. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

असं काहून होतं ते सांगतो. या कॅन्डलच्या भिंतीत अतिशय बारीक भोकं असतात, चांगल्या ट्रेकिंग फिल्टरमध्ये साधारण ०.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जुलाब-हगवण करणारे बॅक्टेरिया साधारण अर्धा ते दोन मायक्रॉनचे असतात, जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीची गाठ (सिस्ट) आठ-दहा मायक्रॉनची, तसल्याच क्रिप्टोची (क्रिप्टोस्पोरिडियम) चार ते सहा, म्हणजे हे सगळे बाहेरच अडकतात. त्यांच्यासोबत मातीही बाहेरच अडकते आणि तिचा थर पृष्ठभागावर बसतो. आत फारसं काही जात नाही, जे बसतं ते वरच्या पातळ थरात बसतं, म्हणून घासलं की खालची ताजी भोकं उघडी पडतात. आपल्या मातीच्या माठाचं जसं होतं, दोन उन्हाळे गेले की क्षार बसून भोकं बुजतात आणि पाणी गार होईना होतं, तसंच हे, फक्त इथे वरचा थर खरवडून काढता येतो. पण प्रत्येक वेळी घासताना मातीसोबत थोडं सिरॅमिकही निघतं, म्हणजे भिंत हळूहळू पातळ होत जाते. कॅन्डल खरी संपते ती अशी, घासून घासून. पुस्तिकेत लिहिलेले लिटर (कुणी २,००० लिटर लिहितं, कुणी ५०,०००) हे स्वच्छ पाणी धरून दिलेले असतात, तुम्ही कोणतं पाणी ओढता त्यावर तो आकडा कितीतरी खाली येतो.

आणि आपल्याकडचं पाणी हाच खरा मुद्दा आहे. पारशिवनीचा तो नाला शेतातून आलेला असणार, म्हणजे काळी माती. काळ्या मातीतली चिकणमाती फार बारीक असते, पाण्यात तासन्‌तास तरंगत राहते आणि सिरॅमिकवर लेप दिल्यासारखी बसते. पचमढीकडे सगळा वालुकाश्म आहे, तिथल्या झऱ्याच्या पाण्यात वाळू असते, ती खाली बसते, तिथे हाच फिल्टर दिवसभर घासायची गरज पडत नाही. तोच फिल्टर, तीच कॅन्डल, फक्त पाणी बदललं. त्यामुळे तुमचा 'तीन-चार लिटरला जाम' हा अनुभव पावसाळ्यातल्या काळ्या मातीच्या पाण्याला अगदी साजेसा आहे, त्यावरून कॅन्डल खराब झाली असं मी म्हणणार नाही. तुम्ही घरी नळाच्या पाण्यावर चालवून पाहा. कॅन्डल घासल्यावर नळाचं पाणी दहा लिटर सहज निघालं तर दोष पाण्याचा. नळाचं पाणीही तीन लिटरला अडलं तर मग पंपाचे वॉल्व्ह, पाणी ओढायच्या टोकाची जाळी आणि नळी तपासायची, कारण नळाच्या पाण्यात इतकी माती नसते.

आता गढूळ पाणी घ्यावंच लागलं तर काय करायचं. सगळ्यात मोठा फरक फिल्टरच्या आधी पडतो. बादली, पातेलं, कापलेली बाटली, जे असेल त्यात पाणी भरून तासभर तरी ठेवा, रात्रीचा मुक्काम असेल तर रात्रभर ठेवा, आणि सकाळी वरवरचं पाणी ओढा, नळीचं टोक तळाला टेकू देऊ नका. टोकाला सुती कापडाची चार पदरी घडी रबरबँडने बांधा, जुनं धुतलेलं धोतर नाहीतर सुती ओढणी मस्त चालते, नायलॉन नको. तुरटी फिरवली तर काळी माती पटकन खाली बसते, पण तुरटी फिरवून लगेच पंप मारू नका, ते जे कापसासारखे गोळे होतात ते सिरॅमिकवर मातीपेक्षाही घट्ट बसतात, ते पूर्ण तळाला जाऊ द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, मग फिल्टर. पळता पळता बाटली भरायची सवय असलेल्या माणसाला हे जड वाटतं, पण यात वाचलेलं प्रत्येक घासणं म्हणजे कॅन्डलचं वाढलेलं आयुष्य आहे. आणि पंप जड झाला की जोर लावू नका. दोघांनी मिळून दांडा दाबला तर पाणी जास्त येत नाही, सील फाटतं किंवा दांडा मोडतो, आणि सील फाटलं तर घाण पाणी सरळ चांगल्या बाजूला जातं. जड झाला की थांबा, उघडा, घासा.

घासण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. पंपासोबत आलेला पॅड वापरा, तो हरवला असेल तर भांडी घासायचा हिरवा पॅड चालतो पण नवा कोरा, ज्याला कधी साबण लागलेला नाही असा, आणि तो फिल्टरच्या पिशवीतच ठेवायचा, स्वयंपाकघरात परत जाऊ द्यायचा नाही. तारेची घासणी अजिबात नको, ती चरे पाडते आणि लोखंडाचे कण सोडते. कॅन्डल पाण्याखाली किंवा धारेखाली धरा, आउटलेटचं, म्हणजे गाळलेलं पाणी बाहेर येतं ते, टोक वर ठेवा आणि अंगठ्याने झाका, कारण घासताना जो चिखल सुटतो त्यात तुम्ही गाळलेले सगळे जंतू आहेत, तो चिखल स्वच्छ बाजूला एक थेंब लागला तरी सगळी मेहनत वाया. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फिरवत हलक्या हाताने घासा. लोक काय करतात, कॅन्डल मुठीत धरतात आणि मधोमध रगडतात कारण तिथे हात सोपा बसतो, आणि दोन सीझननंतर कॅन्डल मधे बारीक आणि टोकांना जाड अशी कंबर पडलेली दिसते. ती मधली बारीक जागाच तिचं आयुष्य ठरवते, टोकं कितीही जाड असोत. रंग कोऱ्या कॅन्डलसारखा एकसारखा दुधी झाला की थांबा. एखादा पिवळसर डाग राहिला तर राहू द्या, लोहाच्या पाण्याचा डाग असतो तो, त्याच्यामागे लागून भिंत पातळ करू नका. झालं की हात साबणाने धुवा, कॅन्डल नाही, आणि जोडल्यावर पहिला पेलाभर पाणी फेकून द्या.

साबण काहून नको ते पण सांगतो, कारण हे विचारणारे तुम्ही एकटे नाही. सिरॅमिक साबण पिऊन घेतं. भोकांत गेलेला साबण नंतर कितीही पाणी ओढलं तरी थोडा थोडा येत राहतो, चव बिघडते, आणि आत कार्बन (वास-चव धरणारा कोळसा) असेल तर त्याची ताकद साबण शोषण्यातच जाते. उकळण्याचं म्हणाल तर ते मॉडेलवर आहे, काही कंपन्या पुस्तिकेत कॅन्डल उकळायला सांगतात आणि काही स्पष्ट मनाई करतात कारण चिकटवलेला जोड उष्णतेने सुटतो, त्यामुळे आईने घरच्या फिल्टरची कॅन्डल उकळली होती म्हणून आपणही उकळू असं नको. पुस्तिका पाहा. उकळायची परवानगी असेल तरी गार पाण्यात टाकून मग तापवा, नंतर त्याच पाण्यात हळूहळू गार होऊ द्या, गरम कॅन्डल गार पाण्यात टाकली की तडकते.

मग बदलायची कधी? फिल्टरसोबत एक प्लास्टिकचं गेज आलेलं असतं, यू आकाराचं, बरेच जण ते पॅकिंगचा तुकडा समजून फेकतात. ते कॅन्डलवर आडवं लावून पाहायचं, सगळ्यात बारीक जागी, आणि कॅन्डल फिरवत चारही बाजूंनी. गेज कॅन्डलवर अडलं तर भिंत अजून आहे. गेज कुठल्याही एका जागी सरकन आत बसलं तर संपली, बाकीची कितीही नवी दिसो. गेज हरवलं असेल तर पुस्तिकेत किमान जाडी दिलेली असते आणि कुठल्याही वर्कशॉपवाल्याकडे जाडी मोजायचा व्हर्नियर असतो, दोन मिनिटांचं काम आहे. अंदाजाने, डोळ्याने पाहून सांगता येत नाही, मलाही नाही.

दुसरी तपासणी तड्याची. कॅन्डल कोरडी असताना खिडकीच्या उजेडात फिरवून पाहा, मग पाण्यात बुडवून काढा आणि पृष्ठभाग सुकू द्या, केसासारखा तडा असेल तर बरेचदा त्या जागी ओली रेघ मागे राहते. याहून भरवशाची म्हणजे बुडबुड्यांची चाचणी. कॅन्डल अर्धा तास पाण्यात पूर्ण भिजवा, आउटलेटला स्वच्छ नळी लावा, पाण्याखाली धरून मोठ्या सिरिंजने हळूच हवा ढकला. तोंडाने फुंकू नका, तोंडातले जंतू स्वच्छ बाजूला जातात. भिजलेल्या ०.२ मायक्रॉनच्या भोकातलं पाणी हवेने ढकलायला फार मोठा दाब लागतो, सिरिंजच्या त्या हलक्या दाबाने चांगल्या कॅन्डलमधून बुडबुडा निघतच नाही. त्यामुळे एका ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ निघाली तर तिथे तडा आहे, आणि टोकाच्या प्लास्टिकच्या टोपणाजवळून निघाली तर जोड सुटलाय. दोन्हीत कॅन्डल बाद. फेविक्विक, एम-सील लावून तडा बुजवायचा विचारही करू नका, दिसतो तेवढाच तडा कधी नसतो आणि तो पदार्थ पिण्याच्या पाण्यासाठी नाही. ज्या कॅन्डलला नळी लावण्यासारखं टोक नसतं तिच्यावर ही चाचणी नीट होत नाही, तिथे उजेड आणि ओली रेघ यावरच भागवावं लागतं, आणि फिल्टर दगडावर आपटल्याचं नक्की माहीत असेल तर मी अशी कॅन्डल शंकेवरच बाद करतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, टीडीएस मीटर लावून फिल्टर तपासू नका. नागपुरात आरओवाल्यांनी प्रत्येक घरात ते पेनासारखं मीटर दाखवून ठेवलंय, त्यामुळे लोक सिरॅमिकचं पाणी मोजतात, आकडा आधी जेवढा तेवढाच येतो आणि फिल्टर बेकार म्हणून मोकळे होतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, सिरॅमिक ते काढतच नाही, काढायचा दावाही करत नाही. तसंच रंगाचं पाणी ओढून पाहणंही फुकट आहे, विरघळलेला रंग साध्या सिरॅमिकमधून सरळ जातो आणि आत कार्बन असेल तर तडा असूनही रंग अडू शकतो. दोन्ही बाजूंनी फसवणूक.

कार्बनचं घड्याळ सिरॅमिकपेक्षा वेगळं चालतं हेही लक्षात असू द्या. कार्बन वास, चव आणि काही रसायनं धरतो, भरला की भरला, घासून मोकळा होत नाही आणि पंपही जड होत नाही. काही फिल्टरमध्ये कार्बन वेगळा भरता येतो, काहींत तो सिरॅमिकच्या आतच बसवलेला असतो. गावच्या विहिरीत ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलंय आणि फिल्टरमधून आलेल्या पाण्यालाही तोच वास येतोय, म्हणजे कार्बन भरत आला. जंतूंसाठी सिरॅमिक अजून चालू आहे, फक्त कार्बनच्या भरवशावर राहू नका.

आता इतवारीची कॅन्डल. घरच्या स्टीलच्या फिल्टरसाठी ती बनलेली आहे, वरच्या डब्यातून खालच्या डब्यात थेंब थेंब पाणी पडतं, दाब जवळपास नाही. पंपात तिला दाब सहन होईल याची खात्री नाही, आटे जुळत नाहीत, वायसर वेगळा लागतो, आणि जुगाड करून बसवली तरी कडेने पाणी गेलं तर कळणार कसं. त्याहून मोठं म्हणजे बऱ्याच स्वस्त कॅन्डलच्या खोक्यावर भोकं किती मायक्रॉनची आहेत हेच लिहिलेलं नसतं. जिच्यावर आकडा नाही तिला मी फक्त गाळ अडवणारी समजतो. हां, मुक्कामाच्या ट्रेकला दोन डब्यांचा जुगाड करून तिच्यातून रात्रभर पाणी गाळून घ्यायचं आणि सकाळी ते पाणी ट्रेकच्या फिल्टरमधून काढायचं, याला माझी ना नाही, काळ्या मातीसाठी ती चांगली पहिली पायरी आहे.

सिरॅमिक काय अडवत नाही हे विदर्भात फिरणाऱ्याने नीट समजून घ्यावं, म्हणून इथे थोडा थांबतो. पहिलं म्हणजे व्हायरस. काविळीचे हेपॅटायटिस ए आणि ई हे साधारण ०.०३ मायक्रॉनचे, म्हणजे भोकाच्या सहा-सातपट लहान. व्हायरस नावाची गोष्ट माणसाला सापडली तीच मुळी अशा फिल्टरमुळे. १८९२ साली इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस चेंबरलँडच्या चिनीमातीच्या कॅन्डलमधून गाळला, बॅक्टेरिया अडले, तरी गाळलेला रस नवीन रोपांना रोग देतच राहिला. म्हणजे कॅन्डल अगदी शाबूत असली तरी हे आरपार जातात. परदेशी पुस्तिकांत याकडे जरा दुर्लक्ष असतं कारण त्यांच्या डोंगरात वर वस्ती कमी, आपल्याकडे झऱ्याच्या वर गाव, गोठा, कॅम्प काही ना काही असतंच. म्हणून आपल्या देशात फिल्टरनंतर क्लोरीनचे थेंब किंवा गोळी, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेला वेळ थांबून, किंवा खळखळून एक मिनिट उकळणं, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. क्रम हाच ठेवा, आधी फिल्टर मग क्लोरीन. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं, आणि क्रिप्टोला क्लोरीन जुमानत नाही पण सिरॅमिक त्याला अडवतं, दोघं मिळून काम पूर्ण करतात. कॅन्डलवर चांदी असते ना मग व्हायरस मरत असतील, असं एकाने मला विचारलं होतं. नाही. ती चांदी कॅन्डलच्या भिंतीत बुरशी-जंतू वाढू नयेत म्हणून असते, सेकंदात निघून जाणाऱ्या पाण्यावर तिचा भरवसा धरू नका.

दुसरं म्हणजे विरघळलेलं सगळं. यवतमाळ, चंद्रपूरकडे अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, ते सिरॅमिकमधून जसंच्या तसं जातं आणि उकळल्याने उलट वाढतं कारण पाणी आटतं. फ्लोराइड काढायला वेगळी प्रक्रियाच लागते, आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने जी नलगोंडा पद्धत काढली तिच्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरतात, ट्रेकवर ते होणारं काम नाही. त्यामुळे हातपंपावर 'पिण्यास अयोग्य' लिहिलेलं असेल तर फिल्टर आहे ना म्हणून तिथलं भरू नका. कपाशीच्या शेतातून फवारणीच्या दिवसांत येणारा नाला, खाणीच्या खालचा ओहोळ, वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याखालचं पाणी, आणि उन्हाळ्यात हिरवा रंग सांडल्यासारखी साय आलेला तलाव, हे सगळे माझ्या यादीत सोडून द्यायचे आहेत. हिरव्या सायीतलं शेवाळ सिरॅमिक अडवतं पण त्याने पाण्यात सोडलेलं विष नाही. अशा जागी चार किलोमीटर जास्त चाललेलं परवडलं.

आता केदारकांठा, आणि इथे तुम्हाला थोडं वेगळं उत्तर मिळेल. डिसेंबरात तिथे हा फिल्टर नेऊच नका. वरच्या कॅम्पला, अगदी वाटेवरच्या जुडा का तालाबच्या कॅम्पपासूनच, रात्री पाणी गोठतं. पंप कितीही कोरडा केला तरी सिरॅमिकच्या भिंतीत पाणी उरतंच, ते गोठलं की फुगतं आणि कॅन्डल आतून तडकते, बरेचदा बाहेरून काही दिसतही नाही. काहीजण फिल्टर पिशवीत घालून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात, ते चालतं, पण दिवसा सावलीत बॅगेच्या बाहेरच्या खिशात राहिला तरी तेच होऊ शकतं, आणि एकदा गोठल्याची शंका आली की त्या ट्रेकपुरता त्याच्यावर विश्वास संपला. त्या ट्रेकला बहुतेक जण ग्रुपसोबत जातात, स्वयंपाकाचा स्टोव्ह असतो, उकळलेलं पाणी मागून घ्या, थर्मासमध्ये भरा, सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवा आणि थंड पाण्यात गोळीला जास्त वेळ लागतो म्हणून लिहिलेल्याच्या दुप्पट थांबा. म्हणजे केदारकांठ्यासाठी म्हणून नवी कॅन्डल घ्यायची घाई नको. घेतली आणि तिथे नेली तर सगळ्यात महाग वस्तू सगळ्यात चुकीच्या ठिकाणी नेल्यासारखं होईल. जायच्या आधी आहे ती कॅन्डल नीट घासा, गेज लावा, बुडबुडे पाहा, सुकवून ठेवा. पास झाली तर जानेवारी-फेब्रुवारीत सातपुड्यात तीच चालवा. नापास झाली तर तेव्हा नवी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत.

सुकवण्याबद्दल, कारण ट्रेकवरून आलं की पिशवी माळ्यावर जाते आणि चार महिन्यांनी उघडली की कुबट वास येतो. शेवटच्या वापरानंतर घासा, दोन-तीन लिटर नळाचं पाणी काढा, मग हवेवर पंप मारून पाणी संपवा. कॅन्डल काढून सुती कापडावर पंख्याखाली उभी ठेवा, उन्हात नको, नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात तर अजिबात नको, रबर आणि जोड दोन्ही खराब होतात, तसंच बंद गाडीतही सोडू नका. किती दिवस लागतील हे ऋतूवर आहे, उन्हाळ्यात लवकर, श्रावणात आठवडा गेला तरी आत ओल असते. माझी पद्धत अशी की नवी कॅन्डल आणली की वापरायच्या आधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तिचं कोरडं वजन घेतो आणि खोक्यावर पेनाने लिहितो. नंतर सुकवताना वजन त्या आकड्याच्या जवळ येऊन दोन दिवस तिथेच थांबलं की समजायचं सुकली. झिजून वजन थोडं कमी होत जातं, म्हणून थांबलं का हे पाहायचं. पूर्ण सुकल्याशिवाय डबाबंद करू नका.

बदलायची वेळ आलीच तर घाई करू नका, नव्या कॅन्डलमध्येही बिघाड असू शकतो, वाहतुकीत आपटलेली असते. दुकानातच खोकं उघडून उजेडात पाहा, मॉडेल नंबर पुस्तिकेशी जुळवा, दिसायला सारख्या दोन कॅन्डलच्या रिंगची मापं वेगळी असू शकतात. जुनी काढली की तिची रबरी रिंगही फेका, नवीसोबत आलेलीच लावा. रिंग बसायची खाच ओल्या कापडाने पुसा, तिथे वाळूचा एक कण राहिला तरी रिंग नीट बसत नाही. रिंगला खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर येईल एवढंच लावा, व्हॅसलिन किंवा खोबरेल नको, काही रबर त्याने फुगतं आणि तेल कुबट होतं. हाताने घट्ट होईल तेवढंच आवळा, पान्हा लावू नका. पहिलं पाणी पुस्तिकेत लिहिलंय तेवढं फेका, कार्बनचा काळा किंवा सिरॅमिकचा पांढरा भुसा येतो, तो गेला की स्वच्छ येतं. आणि घरच्या नळावर चालवून, रिंगच्या बाजूने ओल येते का हे पाहूनच बॅगेत टाका, नवी कॅन्डल पहिल्यांदा जंगलात उघडायची नाही. पंपाच्या आतल्या वॉल्व्हचा आणि रिंगांचा देखभालीचा किट मिळत असेल तर याच वेळी बदलून टाका, तीन वर्षांत आपल्या उन्हाळ्याने ते रबर कडक झालेलं असतं आणि 'पंप जड' या तक्रारीत त्याचाही वाटा असतो.

कुणीतरी विचारेल की एवढं करण्यापेक्षा पोकळ धाग्यांचा (हॉलो फायबर) हलका फिल्टर घ्यावा का. तो हलका आहे, स्वस्त आहे, स्वच्छ झऱ्यासाठी छान आहे. पण तोही गोठला की जातो आणि आतलं काही डोळ्याला दिसत नाही, आणि काळ्या मातीने भरला की उलट पाणी मारून पूर्ण मोकळा होईलच असं नाही. विदर्भातल्या पावसाळी पाण्यासाठी मी अजून सिरॅमिकच नेतो, कारण ते नाल्याकाठी बसून घासता येतं आणि गेज लावून त्याची खरी अवस्था कळते.

आणि जुनी बाद झालेली कॅन्डल तशीच पिशवीत परत ठेवू नका. तिच्यावर मार्करने मोठी फुली मारा नाहीतर सरळ फोडून टाका, नाहीतर पुढच्या ट्रेकला घरातलं कुणीतरी तीच जोडून घेऊन जाईल. गेज लावून पाहिल्यावर काय दिसलं ते आणि मॉडेल कोणतं ते इथे लिहा, किमान जाडीचा आकडा तुमच्या पुस्तिकेत कुठे सापडेल ते सांगतो.